तसबिरीआधीचा दामोदर

चाकणची दुसरी पाळी सुटली आहे. कंपनीच्या बसमध्ये निम्मे लोक माना टाकून झोपलेत, तुम्ही जागे आहात. चिंचवडगावात चापेकर चौकात उतरायचं, तिथून घर चालत. खांद्याला डब्याची पिशवी, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, त्यावर तुमचा टिचभर फोटो. मोबाइलची बॅटरी बऱ्यापैकी शिल्लक आहे आणि ती आज लागणार आहे. ज्याच्या नावाच्या चौकात तुम्ही रोज उतरता, त्या दामोदर हरी चापेकरचा एक फोटो तुम्हाला काढून आणायचा आहे. पुतळ्याचा चालणार नाही. जित्या माणसाचा हवा, फासावर जाण्याआधीचा.

असा फोटो कसा असतो, ते आधी बघून घ्या. एप्रिल १८६५. अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांची हत्या झाली आणि कटातली माणसं पकडून वॉशिंग्टनच्या आरमारी गोदीत चिलखती जहाजांवर डांबली गेली. अलेक्झांडर गार्डनर नावाचा फोटोग्राफर आपला कॅमेरा घेऊन तिथे गेला. त्या कैद्यांत लुईस पॉवेल होता. परराष्ट्रमंत्री सीवर्ड यांच्या घरात घुसून त्याने त्यांच्यावर सुरीचे वार केले होते. वय एकवीस. हातात बेड्या, पाठीमागे लोखंडी भिंत. ७ जुलै १८६५ ला त्याला फाशी दिलं. पुढे १९८० मध्ये रोलाँ बार्त या फ्रेंच लेखकाने फोटोग्राफीवर पुस्तक लिहिलं, त्यात तो या फोटोपाशी बराच वेळ थांबला. यायचं मरण आणि होऊन गेलेलं मरण एकाच चेहऱ्यावर दिसतं, असं त्याचं म्हणणं.

तसा एक दामोदरचा हवा. चिंचवडमध्ये त्याचे चेहरे कमी नाहीत. चौकात पुतळा आहे, वाड्याच्या जागी स्मारक आहे, शाळांच्या भिंतींवर हार घातलेल्या तसबिरी आहेत, टपाल खात्याने २०१८ साली तिकीटही काढलं. या सगळ्यांत तो आधीच हुतात्मा झालेला आहे. तुम्हाला त्याच्या अलीकडचा गाठायचा आहे. बस थांबली, उतरा.

चौक नाही. उड्डाणपूल नाही, टपरी नाही, रिक्षा नाही. साल १८८५ च्या आसपासचं. पिंपरी म्हणजे नुसती शेतं. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना यायला जवळजवळ सत्तर वर्षं आहेत, टेल्को आणि बजाज त्याच्याही नंतरचे. यंत्राचा आवाज येतो तो एकच, आगगाडीचा. पुण्याहून खंडाळ्यापर्यंतची लाइन १८५८ पासून चालू आहे. बाकी गाव आपल्या चालीने चाललंय: पवनेचा काठ, मोरया गोसावींची समाधी, देवांचं संस्थान, मंगलमूर्ती वाडा. अंगावरचं ओळखपत्र आत घाला, लोक बघतायत.

चापेकरांचं घर एकेकाळी खात्यापित्या माणसांचं. आजोबा विनायकराव यांच्या धंद्याला खोट आली आणि एवढं मोठं एकत्र कुटुंब ओढगस्तीला लागलं. त्यांचा मुलगा हरी याने पोटासाठी कीर्तन धरलं. आता कीर्तन एकट्याने होत नाही, साथीला माणसं लागतात, आणि साथीदाराला बिदागी द्यावी लागते. ती परवडेना, म्हणून हरिभाऊंनी पोरांनाच वाजवायला आणि म्हणायला तयार केलं. समोर बघा. पूर्वरंग संपून उत्तररंग सुरू झालाय. बुवा पुढे उभे, मागे थोरला दामोदर, सोळाएक वर्षांचा, त्याच्यापेक्षा चारेक वर्षांनी लहान बाळकृष्ण, आणि झोप आवरत बसलेला धाकटा वासुदेव.

काढा मोबाइल. समईच्या उजेडात चित्रात येते ती बुवांची पाठ आणि उपरणं. दामोदर त्यांच्या सावलीत आहे, आणि सावलीतला चेहरा यंत्राला सापडत नाही. फ्लॅश मारायचा विचारही करू नका, अख्खी सभा उठेल. त्यापेक्षा ऐका. देव अवतार घेतो, राक्षस मातलेला असतो, आणि शेवटी त्याचा वध होतो. हे ऐकत, नव्हे हे वाजवत हा मुलगा वाढला. पुढे त्याने जे केलं त्याची मुळं राजकारणाच्या पुस्तकांत शोधणाऱ्यांनी आधी या मांडवात येऊन बसावं, असं मला वाटतं.

मधली वर्षं भराभर ओलांडू. कुटुंब पुण्याला आलं. दामोदरला फौजेत जायचं होतं, अगदी इंग्रजांच्या का होईना. घेतलं नाही. मग तो आणि बाळकृष्ण पोरं जमवून कवायत करू लागले, दगडफेकीचा सराव करू लागले. धर्माच्या आड येणाऱ्यांना आडवं करायचं, हा त्या मंडळींचा कार्यक्रम. त्यात गोरा साहेब होता तसा सुधारक हिंदूही होता. खरं तर आधी सुधारकच होता.

एका रात्रीपुरतं मुंबईला थांबू, कारण तिथे एक चेहरा आहे. १८९६ साल. फोर्टात व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा, बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेला. सकाळी लोक बघतात तर राणीच्या तोंडाला डांबर आणि गळ्यात जोड्यांची माळ. सरकारची झोप उडाली. डाग निघता निघेना. शेवटी त्रिभुवनदास गज्जर या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी तो काढला आणि त्यांचा मोठा बोलबाला झाला. डांबर फासणारा सापडला नव्हता. वर्षभराने दामोदरने आपण होऊन ते काम आपलंच असल्याचं सांगितलं. राणीचा तो पुतळा आज भायखळ्याच्या बागेत संग्रहालयाच्या आवारात ठेवून दिलाय, आणि डांबर फासणाऱ्याच्या पुतळ्याला चिंचवडमध्ये दर वर्षी हार पडतो.

आता पुणे. मार्च १८९७. इथे जरा जास्त वेळ थांबावं लागेल.

तुम्ही पेठेतल्या एका वाड्यात, पहिल्या मजल्यावरच्या खोलीत आहात. उंदीर मरून पडतायत, माणसंही. फेब्रुवारीत सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला आहे, तोच, जो २०२० मध्ये कोरोनाच्या वेळी तुमच्यावर लागू झाला होता. प्लेग कमिटीचा मुख्य म्हणून वॉल्टर चार्ल्स रँड याला नेमलंय. साताऱ्याचा असिस्टंट कलेक्टर, करड्या शिस्तीचा म्हणून तिकडेच नाव झालेला. त्याने घरझडतीला गोरे सोजीर लावले. सकाळीच खाली बुटांचा आवाज होतो. सगळ्यांनी बाहेर या. सोवळ्यातली आजी, ओली बाळंतीण, सगळे. काखेत, जांघेत गाठ आहे का बघतात. नुसता ताप असला तरी माणूस दवाखान्यात जातो, घरचे विलगीकरणाच्या छावणीत जातात, अंथरूण-पांघरूण होळीत जातं. सोजीर बुटांसकट देवघरात गेलाय, स्वयंपाकघरातही गेलाय. शेजारच्या काकू पदराने तोंड झाकून भिंतीला टेकून उभ्या आहेत, त्यांच्याकडे बघवत नाही.

याची दुसरी बाजूही ऐका. प्लेग खोटा नव्हता. लोक रोगी लपवत होते, मेलेली माणसं रात्रीतून हलवत होते. रँडने आपल्या अहवालात लिहिलं की लोकांच्या भावना शक्य तेवढ्या सांभाळल्या. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा इंग्लंडात होते. सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या पुण्याहून आलेल्या बातम्या त्यांनी तिथे जाहीरपणे सांगितल्या, परत आल्यावर पुरावा मिळेना आणि त्यांना माफी मागावी लागली. तो डाग त्यांना फार लागला. पण माझं विचाराल तर पुरावा न मिळण्याचं कारण त्या काकूंच्या पदरात आहे. कोणती बाई, कोणतं घर, कोणत्या कोर्टात उभं राहून सांगणार होतं? मेच्या मध्यावर झडत्या थांबल्या. राग मात्र थांबला नाही.

२२ जून १८९७. गणेशखिंडीचा रस्ता. आज तुम्ही याला विद्यापीठ रस्ता म्हणता, आणि ज्या इमारतीत विद्यापीठाचं मुख्य कार्यालय आहे ती तेव्हाची लाटसाहेबाची कोठी. राणीच्या राज्याला साठ वर्षं झाली म्हणून मेजवानी आहे. टेकड्यांवर जाळ केलेत, आतषबाजी आहे. रस्त्याकडेला मात्र गुडूप अंधार, आणि त्या अंधारात पिवळ्या बंगल्याच्या अलीकडे-पलीकडे दोघे भाऊ. तुम्ही झाडाला टेकून उभे राहा. खोकू नका.

संध्याकाळी बग्ग्या कोठीकडे गेल्या, तेव्हा त्यांनी काही केलं नाही. परतीच्या वाटेवर मध्यरात्रीच्या सुमाराला रँडची बग्गी आली. दामोदर मागून धावत सुटला. ‘गोंद्या’ ही त्यांची ठरलेली खूण. ती ओरडतच तो मागे चढला, पडदा वर केला आणि गोळी झाडली. मागच्या बग्गीत लेफ्टनंट आयर्स्ट होता, शेजारी त्याची बायको. बाळकृष्णाने त्याच्यावर गोळी झाडली. तो जागीच मेला. रँड ससूनमध्ये अकरा दिवस झुंजला आणि ३ जुलैला गेला.

आयर्स्टचं काय करायचं, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी विचारत नाही. घरझडत्यांसाठी ज्याला मारायचं ठरलं होतं तो रँड. आयर्स्ट मागच्या गाडीत होता, एवढंच. पोवाड्यात त्याला जागा मिळत नाही, नाटकात तो पटकन पडतो. तुम्ही तिथे उभे आहात, तुम्ही त्या बाईचा आवाज ऐकलात. तोही सोबत घेऊन पुढे चला.

आणि फोटो? मोबाइलमध्ये काळं चौकोनी चित्र आहे. कोपऱ्यात टेकडीवरचा जाळ, तांबूस ठिपका. चेहरा नाही. पुढचे काही महिने इंग्रज सरकारचीही हीच गत होती. खुन्याला पकडून देणाऱ्याला २०,००० रुपये. त्या काळचे २०,०००! पण पकडायचं कुणाला? पुण्यातल्या नातू बंधूंना १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली चौकशीशिवाय अटकेत टाकलं. केसरीतल्या लेखांवरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, १४ सप्टेंबरला दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. शहरावर जादा पोलीस बसवले आणि त्यांचा खर्च शहराकडूनच वसूल करायचं ठरलं. मुंबईहून आलेला ब्रुइन हा पोलीस अधिकारी मात्र शांतपणे माहिती गोळा करत राहिला. अखेर गणेश शंकर द्रविड या तुरुंगात असलेल्या माणसाने तोंड उघडलं. त्याची आणि चापेकरांची ओळख होती. त्याचा भाऊ रामचंद्र हाही पुढे आला. दामोदर मुंबईत सापडला. बाळकृष्ण निसटून निजामाच्या मुलखात गेला.

आता येरवडा. १८९७ चा ऑक्टोबर. कामाचं ठिकाण हेच. तुम्ही कोठडीच्या आत आहात, तो अठ्ठावीस वर्षांचा आहे, तुमच्याकडे त्याचं लक्ष नाही. तो लिहितोय.

हे पॉवेलच्या नशिबी नव्हतं. त्याच्यासमोर गार्डनरने कॅमेरा मांडला आणि त्याने कॅमेऱ्याकडे बघितलं, इतकंच त्याच्या हातात होतं. दामोदरला कागद मिळाला. लिहिलेलं पोलिसांच्या हाती जाणार हे त्याला माहीत आहे, तरी तो लहानपणापासून सुरुवात करतो. वाका थोडं, वाचा. आजोबांनी काढलेली काशीयात्रा. उतरती कळा लागलेलं घर. वडिलांचं कीर्तन आणि त्यावर नाकं मुरडणारे आप्त. फौजेची हौस. राणीच्या पुतळ्याचं प्रकरण, आणि ते सांगताना लपत नाही असा आनंद. आपल्या मते धर्म बुडवणाऱ्यांना अंधारात गाठून कसं बडवलं, तेही त्याच आनंदाने. सुधारकांबद्दल असे शब्द, की शाळेच्या स्नेहसंमेलनात वाचून दाखवता येणार नाहीत. टिळकसुद्धा त्याच्या कसोटीला पुरते उतरत नाहीत. त्याला हवे तितके सनातनी ते नाहीत.

असा माणूस आहे हा. तापट, खोडकर, बढाईखोर, धाडसी, धर्माच्या बाबतीत दगडासारखा कठीण. ज्या मुली तुमच्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसून पाळीला जातात, त्यांच्या शिक्षणाबद्दल, नोकरीबद्दल त्याला विचारलं असतं, तर उत्तर त्यांना आवडलं नसतं आणि चौकातल्या बऱ्याच लोकांना ऐकवलंही नसतं. तरी दारावर बुटांचा आवाज झाल्यावर शहरातले शहाणे लोक अर्ज लिहीत होते, आणि हा उठला. या दोन्ही गोष्टी एकाच हाताने लिहिलेल्या आहेत. एक ठेवून दुसरी खोडायची मुभा आपल्याला कोणी दिली?

मोबाइल धरा. उजेड पुरेसा आहे. पण त्याने मान खाली घातलीय, आणि यंत्र आपोआप जिथे स्पष्ट दिसतं तिथे स्थिरावतं: बोटं, टाक, कागदावरच्या ओळी. चेहरा धूसर. बटण दाबा, याहून चांगला मिळणार नाही.

फासाची शिक्षा झाली. अपील टिकलं नाही. टिळक त्या वेळी त्याच येरवड्याच्या तुरुंगात आपली शिक्षा भोगत होते. त्यांनी आपली भगवद्गीतेची प्रत दामोदरला दिली, आणि १८ एप्रिल १८९८ ला सकाळी ती हातात घेऊन तो फासावर गेला. आपल्या तसबिरी, पुतळे, नाटकं सगळी याच क्षणाभोवती फिरतात. क्षण मोठा आहेच. पण त्याच्या मागे कोठडीतलं लिखाण आहे, ते तसबिरीत उतरत नाही.

इथे थांबलं असतं तर ते एका माणसाचं मरण राहिलं असतं. थांबलं नाही. बाळकृष्णही पकडला गेला. ८ फेब्रुवारी १८९९ ची रात्र, सदाशिव पेठ. वासुदेव, विशीही न ओलांडलेला, आणि त्याचा मित्र महादेव विनायक रानडे द्रविडांच्या दाराशी जातात. ब्रुइन साहेबाने बोलावलंय, असा निरोप देतात. द्रविड भाऊ बाहेर पडतात आणि वाटेत दोघांवरही गोळ्या झाडल्या जातात. दोघेही मेले. पुढचं कोर्टाने भराभर उरकलं. १८९९ चा मे महिना: ८ तारखेला वासुदेव, १० ला रानडे, १२ ला बाळकृष्ण. खंडेराव साठे हा शाळकरी मुलगा दहा वर्षांच्या सक्तमजुरीवर गेला. वर्ष-सव्वा वर्षात हरिभाऊंच्या कीर्तनातली मागची सगळी साथ संपली, आणि द्रविडांच्या घरीही दोन जागा रिकाम्या झाल्या. खबर देणाऱ्याच्या घरी रडणारं कोणी नसतं, असं थोडंच आहे.

सरकारला या घराचा विसर पडला नाही. १९१८ साली न्यायमूर्ती रौलट यांच्या समितीने हिंदुस्थानातल्या क्रांतिकारक कटांचा अहवाल लिहिला, तेव्हा सुरुवात मुंबई इलाख्यापासून केली, आणि त्या पहिल्याच प्रकरणात हे भाऊ आहेत. त्या अहवालातून रौलट कायदा आला आणि त्या कायद्याविरुद्धच्या चळवळीत जालियनवाला बाग घडली. भगूरच्या सावरकरांनी चापेकरांच्या फाशीची बातमी वाचून घरातल्या देवीपुढे शपथ घेतली, हेही तुम्ही शाळेत वाचलं असेल. १९७९ मध्ये जयू आणि नचिकेत पटवर्धन यांनी ‘२२ जून १८९७’ हा मराठी चित्रपट केला. गणेशखिंडीतली ती रात्र जवळून बघायची असेल तर तो बघण्यासारखा आहे.

तुमच्या मोबाइलमधले तीन फोटो मी पाहिले. एकात बुवांची पाठ, एकात अंधार, एकात लिहिणारा हात. पहिले दोन पुसून टाका, तिसरा ठेवा. त्या हाताने लिहिलेलं सरकारी दप्तरात पडून राहिलं होतं. १९७४ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने वि. गो. खोबरेकरांच्या संपादनाखाली दामोदरचं आत्मवृत्त पुस्तकरूपाने काढलं. पिंपरी-चिंचवडच्या किती घरांत ते असेल? वाचनालयात मागा, नसेल तर मागवायला लावा, आणि पहिल्या पानापासून वाचा, फक्त २२ जूनचा भाग काढून नव्हे. चिंचवडच्या मुख्याध्यापकांना एवढीच विनंती: येत्या १८ एप्रिलला तसबिरीला हार घालून झाला की आत्मवृत्तातलं एक पान मुलांना मोठ्याने वाचून दाखवा, आणि ते पान शक्यतो अडचणीचं निवडा.